पालटलेली मुद्रा : अबू हुजैफा यांच्या चरित्रकथेचे वाङ्मयीन स्वरूप

धर्मसंस्थापकांच्या सहवासात वावरलेल्या पुरुषांची चरित्रे वाचताना वाचकाची नेहमी एक अडचण होते. चरित्रकार बहुधा भाविक असतो, आणि भाविकाला आपला नायक एकसंध हवा असतो. नायकाने एकदा मार्ग निवडला की त्याने मागे वळून पाहू नये. आईबाप, भावंडे, कुळ ह्यांचे पाश त्याच्या अंगावरून सुकल्या पानांसारखे गळून पडावेत, अशी त्याची अपेक्षा असते. अशा चरित्रांतून आदराची भावना जागी होते, परंतु माणूस भेटत नाही. म्हणूनच ज्या थोड्या ठिकाणी जुन्या कथनकाराने नायकाच्या मनातील दुभंग जसाच्या तसा राहू दिला, ती ठिकाणे टीकाकाराने थांबून पाहावी अशी असतात. इस्लामच्या आरंभकाळातील अबू हुजैफा बिन उत्बा यांची कथा हे असेच एक ठिकाण होय, असे आम्हांस वाटते.

महंमद पैगंबरांच्या सहकाऱ्यांत अबू बक्र, उमर, अली, खालिद ही नावे मराठी वाचकास परिचित आहेत. अबू हुजैफा यांचे नाव त्या मानाने अपरिचित. त्यांच्या नावावर मोठा विजय नाही, त्यांनी राज्य केले नाही, त्यांच्या वचनांचा मोठा संग्रहही नाही. त्यांचे मूळ नाव कोणते ह्याविषयीसुद्धा जुन्या चरित्रकोशकारांत एकमत नाही. कोणी मिहशम म्हणतात, कोणी हुशैम, कोणी हाशिम. इतिहासाने त्यांना ओळखले ते एका मुलाचा बाप म्हणून आणि एका बापाचा मुलगा म्हणून. ‘हुजैफाचा पिता’, ‘उत्बाचा पुत्र’ : त्यांच्या नावातच दोन्ही बाजूंचे नाते आहे आणि मधला माणूस हरवलेला आहे. आमच्या विवेचनाचा विषय तो मधला माणूस आहे.

प्रथम कुळाची हकीकत सांगणे अवश्य आहे. मक्केच्या कुरैश जमातीतील अब्द शम्स हे कुळ धनाने आणि वजनाने मोठे. त्या कुळातील उत्बा बिन रबीआ हा मक्केच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्याचा भाऊ शैबा, मुलगा वलीद, आणि मुलगी हिंद. ही हिंद अबू सुफ्यानची पत्नी आणि पुढे दमास्कसला राज्य स्थापणाऱ्या मुआवियाची आई. अशा घरातला एक मुलगा, अबू हुजैफा, पैगंबरांच्या अगदी आरंभीच्या अनुयायांत सामील झाला. त्यांच्या पत्नी सहला ह्याही मोठ्या घरच्या. त्यांचे वडील सुहैल बिन अम्र हे कुरैशांचे नामांकित वक्ते, इ. स. ६२८ मध्ये हुदैबियाच्या तहाची बोलणी कुरैशांच्या वतीने त्यांनीच केली. म्हणजे पतीचा पिता विरोधकांचा पुढारी आणि पत्नीचा पिताही विरोधकांचा पुढारी. मक्केत छळ वाढला तेव्हा इ. स. ६१५ च्या सुमारास हे जोडपे समुद्र ओलांडून हबसाणात गेले. तेथे त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव त्यांनी महंमद ठेवले. पुढे मक्केस परत, तेथून इ. स. ६२२ मध्ये मदिनेस. इतके देशांतर सोसलेल्या माणसाची निष्ठा नव्याने सिद्ध करण्याची काही आवश्यकता नव्हती. हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढच्या प्रसंगात प्रश्न निष्ठेचा नाही. निष्ठा शाबूत असताना उरणाऱ्या दुःखाचा आहे.

ही कथा आपणांपर्यंत आली ती अखंड चरित्र म्हणून नव्हे, तर ‘खबर’ म्हणजे सुटेसुटे वृत्तान्त म्हणून. अमुकाने तमुकापासून ऐकले, त्याने आणखी कोणापासून, अशी साखळी देऊन दहापंधरा ओळींचा प्रसंग सांगावयाचा आणि थांबावयाचे, ही अरबी इतिहासलेखनाची जुनी रीत. इ. स. ७६७ च्या सुमारास निधन पावलेले इब्न इसहाक यांचे पैगंबरचरित्र, त्यावर इब्न हिशाम यांनी केलेले संस्करण, वाकिदी यांचा मोहिमांचा इतिहास, त्यांचेच लेखनिक इब्न साद यांचा चरित्रकोश आणि पुढे तबरी यांचा बृहद् इतिहास, हे ह्या वृत्तान्तांचे मुख्य आधार. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सहकाऱ्यांचा ‘अल्-इस्तीआब’ हा इब्न अब्दुल बर्र यांचा चरित्रकोश विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर छापला गेला तो हैदराबादेत, १८८८ साली तेथे स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफ ह्या संस्थेत. ज्या नगरात मराठी वाङ्मयाची उपासनाही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच नगराने ह्या अरबी चरित्रवाङ्मयाची जपणूक केली. तेव्हा हा विषय आमच्या अंगणाबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

खबरीच्या ह्या रीतीचा एक वाङ्मयीन परिणाम होतो. कथनकाराला पात्राच्या अंतरंगात शिरण्याची मुभा नसते. साक्षीदाराने जे पाहिले आणि ऐकले तेवढेच त्याने सांगावयाचे. ‘त्याच्या हृदयात कालवाकालव झाली’ असे वाक्य त्याला लिहिता येत नाही, कारण ती कालवाकालव कोणी पाहिलेली नसते. मग अंतरंग दाखवावयाचे कशाने? एक तर माणसाच्या तोंडच्या शब्दाने, नाहीतर त्याच्या मुद्रेने. अबू हुजैफा यांच्या कथेत हे दुसरे साधन इतक्या वेळा आणि इतक्या मोक्याच्या जागी आले आहे की, त्यामुळे विखुरलेल्या वृत्तान्तांना एक आंतरिक सूत्र लाभले आहे. ही कथा बव्हंशी चेहऱ्यांतून सांगितली गेली आहे.

आरंभ बापाच्या चेहऱ्यापासून होतो. इब्न इसहाक सांगतात की, कुरैशांच्या वतीने उत्बा एकदा पैगंबरांकडे गेला. संपत्ती हवी असेल तर संपत्ती देऊ, मान हवा असेल तर मान देऊ, पण ही शिकवण सोडा, असा त्याचा प्रस्ताव. पैगंबरांनी त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेतले आणि उत्तरादाखल कुराणातील ‘हा-मीम’ ह्या अक्षरांनी आरंभ होणारा एक भाग म्हटला. उत्बा हात मागे टेकून ऐकत राहिला. तो परतला तेव्हा त्याच्या मंडळींच्या लक्षात आले की, जो चेहरा घेऊन हा गेला होता तो चेहरा घेऊन हा आलेला नाही. ह्या माणसाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, असा सल्ला त्याने दिला. मंडळींनी तो हसण्यावारी नेला. पुढे ताइफ येथे लोकांनी पैगंबरांना दगड मारून हाकलले तेव्हा ज्या मळ्याच्या आश्रयाला ते बसले तो मळा उत्बा आणि शैबा ह्यांचाच. दोघा भावांनी अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाच्या हाती द्राक्षांचा घोस पाठविला. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याचे हे चित्र काळ्या रंगात रंगविलेले नाही. ज्या ग्रंथात उत्बाचा शेवट विहिरीत फेकलेल्या प्रेताचा आहे, त्याच ग्रंथात त्याच्या हातून आलेली द्राक्षे आहेत. लेखकाने हे दोन्ही ठेवले म्हणूनच मुलाचे पुढचे दुःख आपणांस समजते.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ च्या मार्च महिन्यात, बद्रच्या विहिरींपाशी दोन सैन्ये समोरासमोर आली. एका बाजूला तीनशेंहून थोडे अधिक लोक, दुसऱ्या बाजूला नऊशे ते हजार. उत्बा तांबड्या उंटावर बसून आपल्या सैन्यात फिरत होता. ह्या लोकांत कोणापाशी काही भले असेल तर ते तांबड्या उंटावरच्या त्या माणसापाशी आहे, असे पैगंबर दुरून पाहून म्हणाल्याचे इब्न इसहाक नोंदवितात. उत्बाला लढाई नको होती. हकीम बिन हिजाम यांच्या सांगण्यावरून तो उभा राहिला आणि आपल्या लोकांना म्हणाला की, आज तुम्ही जिंकलात तरी उद्यापासून प्रत्येक जण अशा माणसाचे तोंड पाहत राहील की ज्याने त्याचा चुलतभाऊ किंवा मामेभाऊ मारला आहे. ते तोंड त्याला पाहवणार नाही. तेव्हा माघारी चला. आम्हांस हे भाषण साऱ्या बद्रवृत्तान्तातील सर्वांत शहाणे भाषण वाटते, आणि ते शत्रूच्या तोंडी आहे.

ह्यावर अबू जहलने जे उत्तर दिले त्यात कथेची कळ आहे. उत्बाला भय कशाचे हे मी जाणतो, असे तो म्हणाला. पलीकडे त्याचा मुलगा उभा आहे, त्याच्यासाठी हा भितो. बापावर हा आरोप होताच शहाणपणाची वाट बंद झाली. भ्याडपणाचा ठपका धुऊन काढण्यासाठी उत्बा आपला भाऊ आणि आपला दुसरा मुलगा ह्यांना घेऊन सर्वांच्या आधी द्वंद्वयुद्धास पुढे झाला. मदिनेचे तीन तरुण समोर आले, त्यांना त्याने परत पाठविले. आमच्या तोडीचे, आमच्याच जमातीचे पाठवा असे म्हटले. मग उबैदा, हमजा आणि अली पुढे आले. शैबा आणि वलीद तत्काळ पडले. उत्बा आणि उबैदा यांनी एकमेकांस घायाळ केले, आणि हमजा व अली यांनी उत्बाला संपविले.

आता येथे टीकाकाराने एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. अबू जहलचा टोमणा कथनकाराने का ठेवला? कारण त्यामुळे बापाच्या मृत्यूत मुलाचा वाटा येतो. मुलाने तरवार उचलली म्हणून नव्हे, मुलगा पलीकडे उभा होता एवढ्यानेच. मुलगा त्या रांगेत नसता तर बापाच्या शांततेच्या शब्दांना भीतीचा अर्थ चिकटला नसता. ही गोष्ट ग्रंथात कोणी बोलून दाखवीत नाही, पण घटनांच्या मांडणीत ती आहे. तिच्यासाठी एकही विशेषण खर्च झालेले नाही.

द्वंद्वयुद्धाच्या वेळी मुलाने काय केले? येथे परंपरा दुभंगते. वाकिदी यांच्या वृत्तान्तात बापाचे आव्हान ऐकून अबू हुजैफा स्वतः उठतात आणि पैगंबर त्यांना खाली बसवितात. इब्न साद यांच्या कोशातही त्यांनी बापाला द्वंद्वास पाचारण केल्याचे म्हटले आहे. इब्न इसहाक यांच्या कथनात ह्यातले काही नाही. भाविक चरित्रकारांना अर्थातच पहिली कथा प्रिय असते, कारण तिच्यात निष्ठेची कसोटी पूर्ण उतरते. ती खोटी ठरविण्याचे कारण आम्हांपाशी नाही. मात्र तिच्यातही महत्त्वाची क्रिया मुलाच्या उठण्याची नसून त्याला बसविण्याची आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ज्या नेत्यासाठी तो बापावर शस्त्र धरावयास निघाला त्याच नेत्याने त्याला ते करू दिले नाही. कसोटी घेणाऱ्याने कसोटी अर्ध्यावर थांबविली. ह्या दृष्टीने वाचली तर ही कथा निष्ठेइतकीच करुणेचीही कथा ठरते.

इब्न इसहाक यांनी त्या दिवसाचा जो दुसरा प्रसंग दिला आहे तो ह्याहून अवघड आहे. पैगंबरांनी आपल्या लोकांस सांगितले की, हाशिम कुळातील काही लोक मक्केच्या सैन्यात नाइलाजाने आले आहेत. माझे चुलते अब्बास समोर आले तर त्यांना मारू नका. हे ऐकून अबू हुजैफा यांच्या तोंडून निघून गेले की, आम्ही आमचे बाप, मुलगे, भाऊ मारावयाचे आणि अब्बासांना मात्र सोडावयाचे काय? ते मला भेटले तर मी तरवार चालवीन. ही गोष्ट पैगंबरांच्या कानी गेली. त्यांनी उमर यांना विचारले की, ईश्वराच्या प्रेषिताच्या चुलत्याच्या चेहऱ्यावर तरवार मारली जाईल काय? उमर यांनी अबू हुजैफा यांचा शिरच्छेद करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. त्यापुढे आयुष्यभर अबू हुजैफा म्हणत की, त्या दिवशीच्या त्या शब्दाचे भय मला अजून वाटते, आणि हौतात्म्याने फेडले तरच ते फिटेल.

ह्या प्रसंगाकडे इतिहाससंशोधक एका दृष्टीने पाहतात. इब्न इसहाक यांनी आपला ग्रंथ सिद्ध केला त्या काळी अब्बास यांचे वंशज खलिफा होते. तेव्हा अब्बास नाइलाजाने शत्रुसैन्यात आले होते ह्या विधानावर राजकुळाची छाया असावी, असा तर्क केला जातो. तो तर्क अगदी निराधार नाही. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने आम्हांस वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. राजकुळाच्या मूळ पुरुषाला मिळालेल्या सवलतीविरुद्ध उच्चारलेला सर्वांत बोचरा प्रश्नही त्याच ठिकाणी जपून ठेवलेला आहे. तो प्रश्न चुकीचा ठरविला गेला, प्रश्नकर्त्याने त्याचा जन्मभर पश्चात्ताप केला, पण प्रश्न पुसला गेला नाही. तो विचारणाऱ्या माणसाचा बाप त्याच दिवशी पडला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या शब्दांतली उद्धटता दिसणार नाही. आकांत ऐकू येईल. उमर यांना त्यात फितुरी दिसली. पैगंबरांना काय दिसले हे ग्रंथकार सांगत नाही. त्यांनी शिरच्छेद होऊ दिला नाही, एवढेच सांगतो.

ह्यानंतर येतो तो विहिरीपाशीचा प्रसंग. लढाई संपली. कुरैशांचे सत्तर लोक पडले होते. प्रेते एका जुन्या विहिरीत टाकण्याची आज्ञा झाली. उत्बाचे प्रेत ओढत नेले जात असता पैगंबरांची दृष्टी अबू हुजैफा यांच्या मुद्रेकडे गेली. ती खिन्न होती आणि तिचा रंग पालटला होता. बापाच्या ह्या गतीमुळे तुमच्या मनात काही आले असावे, असे पैगंबरांनी विचारले. उत्तर आले ते असे की, नाही, बापाविषयी किंवा त्याच्या मरणाविषयी मला संशय नाही. पण त्याच्या ठायी विचार, सहनशीलता आणि चांगुलपणा होता हे मला ठाऊक होते. हे गुण त्याला इस्लामकडे घेऊन येतील अशी माझी आशा होती. ती आशा संपली, आणि तो श्रद्धेवाचून गेला, ह्याचे मला दुःख झाले. पैगंबरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि त्यांच्याशी चार चांगले शब्द बोलले. प्रसंग येथे संपतो.

ह्या उत्तराविषयी एक आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल की, हे उत्तर फार व्यवस्थित आहे. ओढल्या जाणाऱ्या बापाच्या प्रेतासमोर कोणी इतके तोलून बोलत नाही. मागाहून कोणा श्रद्धाळू कथनकाराने पुत्रशोकाला धर्मसंमत आकार दिला असावा. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे आमचे उत्तर असे की, तसे असेल तरीही प्रसंगाचे मोल उणे होत नाही. मुलाने तोंडाने सांगितलेले कारण धर्माच्या चौकटीत बसते खरे. पण ते कारण विचारावे लागले ते मुद्रेमुळे, आणि मुद्रा कोणत्याही चौकटीत बसत नाही. कथनकाराला शोक लपवावयाचा असता तर मुद्रेचे वाक्यच गाळणे सोपे होते. शिवाय उत्तराचे शब्द पुन्हा पाहावेत. त्यात बापाची निंदा नाही. तो सत्याचा शत्रू होता असे मुलगा म्हणत नाही. तो चांगला होता असे म्हणतो, आणि हे म्हणतो ते विजयाच्या दिवशी, विजयी सेनेत, नेत्याच्या तोंडावर. उत्तराची धर्मनिष्ठा आणि पितृभक्ती ही एकाच वाक्यात आहेत. त्यांपैकी एक काढून दुसरी ठेवता येत नाही. आणि वाचकाला ठाऊक असते की मुलाची साक्ष खरी आहे. त्याने ती द्राक्षे पाहिलेली असतात, तांबड्या उंटावरचे भाषण ऐकलेले असते.

मराठी वाचकाला येथे आपल्या परंपरेतील तीन प्रसंग आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पहिला अर्जुनाचा. पण अर्जुनाचा विषाद लढाईच्या आधीचा आहे. त्याला उपदेश करता येतो आणि त्या उपदेशाला फळ येते. अबू हुजैफा यांचा विषाद लढाईनंतरचा आहे. तेथे उपदेशाला जागा नाही, आणि पैगंबरही उपदेश करीत नाहीत. दुसरा प्रसंग बिभीषणाचा. रावणाच्या प्रेतापाशी बिभीषण शोक करतो. वैर मरणापाशी संपते असे सांगून राम त्याला भावाचे अंत्यसंस्कार करावयास लावतो. शोकाला विधीचे पात्र मिळते. बद्रच्या विहिरीपाशी मुलाच्या हातून बापाचा कोणताही विधी होत नाही. तिसरा प्रसंग प्रह्लादाचा, आणि आमच्या मते सर्वांत बोधक. भागवतातील प्रह्लाद वर मागतो तो पित्याच्या उद्धाराचा, आणि एकवीस पिढ्यांसह तो उद्धार झाल्याचे आश्वासन त्याला मिळते. भक्ताची भक्ती आणि पुत्राचे प्रेम ह्यांतली फट देव स्वतः बुजवितो. अबू हुजैफा यांना असा वर मागता येत नाही. इब्राहीम पैगंबरांनीही आपल्या पित्यासाठी क्षमा मागितली आणि पुढे त्यांना तो संबंध सोडावा लागला, असे कुराणच सांगते. तेव्हा ह्या पुत्राच्या दुःखाला त्याच्याच श्रद्धेत उतारा नाही. फट फटच राहते. त्याला मिळते ते एवढेच की, नेता त्याची मुद्रा पाहतो, कारण विचारतो, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ह्या तुलनेतून कोणती परंपरा थोर असा निकाल आम्हांस काढावयाचा नाही. प्रत्येक परंपरेने ह्या दुःखाला आपापल्या परीने जागा दिली आहे, आणि अरबी कथनाने दिलेली जागा सर्वांत अरुंद असूनही तेथे दुःख मावले आहे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

ज्या मुद्रेवर पैगंबरांना खिन्नता दिसली त्याच मुद्रेवर बहिणीने आघात केला. इब्न साद यांच्या कोशात हिंदच्या नावावर काही पद्यपंक्ती दिल्या आहेत. त्यांत ती भावाच्या तिरळ्या डोळ्यावरून आणि दातावर चढलेल्या दातावरून त्याला हिणविते, आणि ज्या बापाने लहानाचा मोठा केला त्याचे हे पांग फेडलेस काय असा सवाल करते. अशा जुन्या पद्यांच्या खरेपणाविषयी शंका घेण्याची प्रथा जुनीच आहे. तथापि कवने तिची असोत वा नसोत, त्यांचा मर्मभेद खरा आहे. परकी माणसे कृत्यावर टीका करतात. चेहऱ्यावरील व्यंगावर बोट ठेवण्याइतकी जवळीक बहिणीचीच असते. इब्न साद यांची सचोटी अशी की, अबू हुजैफा उंच आणि देखणे होते असे सांगून लगेच ते दात आणि तो डोळा यांचाही उल्लेख ते करतात. बहिणीची साक्ष त्यांनी अर्धी मान्य केली म्हणावयाची. हिंदने पुढे उहुदच्या रणात हमजा यांच्या प्रेतावर जो सूड उगविला तो सर्वश्रुत आहे. बाप, चुलता आणि भाऊ एका दिवशी गमावलेली ती बाई. भाऊ आणि बहीण ह्यांचे दुःख एकच होते. एकाचे मुद्रेवर थांबले, दुसरीचे रणांगणापर्यंत गेले. मक्का इ. स. ६३० मध्ये पैगंबरांच्या हाती आली तेव्हा हिंदनेही इस्लाम स्वीकारला. उत्बाचे भाकित मात्र खरे झाले होते : जे तोंड पाहवणार नाही ते तोंड भावंडांना एकमेकांचेच पाहावे लागले.

तिसऱ्यांदा ह्या मुद्रेचा उल्लेख येतो तो पत्नीच्या तोंडी. सहला यांचे वडील सुहैल बद्रलाच कैद झाले, आणि त्यांचे भाऊ अब्दुल्ला त्याच रणावर बापाचा पक्ष सोडून मुसलमानांकडे आले. तेव्हा हे दुभंगलेले घर त्यांना नवे नव्हते. अबू हुजैफा यांच्या घरी सालिम नावाचा एक मुक्त झालेला गुलाम होता, मूळचा इराणी. त्याला त्यांनी मुलगा मानले होते आणि लोक त्याला अबू हुजैफाचा पुत्र म्हणूनच हाक मारीत. पुढे, दत्तकांना त्यांच्या जन्मदात्यांच्या नावाने हाक मारा अशी कुराणाची आज्ञा झाली. घरात मुलासारखा वावरणारा सालिम आता कायद्याने परका झाला. सहला पैगंबरांकडे गेल्या आणि सालिम घरात आला की पतीच्या मुद्रेवर मला काही दिसते, असे त्यांनी सांगितले. त्यावर जो तोडगा निघाला त्याचा धर्मशास्त्रज्ञांनी पुढे पुष्कळ खल केला. तो आमचा विषय नव्हे. आमचे लक्ष वेधते ते हे की, ह्या अबोल माणसाचे मन येथेही दुसऱ्याने मुद्रेवरूनच वाचले.

सालिमशी असलेले नाते ही ह्या चरित्राची दुसरी बाजू आहे. रक्ताचे नाते श्रद्धेने तुटले, आणि श्रद्धेने जोडलेले नाते कायद्याने तुटू पाहिले. तरीही अबू हुजैफा यांनी ते सोडले नाही. बद्रला पडलेला त्यांचा भाऊ वलीद, त्याची मुलगी त्यांनी सालिमला दिली. कुरैशांच्या उच्च घराण्यातील कन्या आणि कालचा गुलाम. ह्या एका विवाहात त्यांनी आपली दोन्ही कुटुंबे, गमावलेले आणि मिळविलेले, एका घरात आणली. ह्याविषयी त्यांचे कोणतेही वचन नोंदलेले नाही. पण कृतीची भाषा स्पष्ट आहे.

शेवट यमामाच्या रणावर झाला. पैगंबरांच्या निधनानंतर मुसैलिमाविरुद्ध झालेल्या ह्या लढाईत, इ. स. ६३३ च्या सुमारास, अबू हुजैफा आणि सालिम दोघेही पडले. अबू हुजैफा यांचे वय त्रेपन्न-चौपन्न होते. कुराण जाणणाऱ्यांनो, कुराणाला कृतीने शोभा आणा, अशा अर्थाचे त्यांचे शब्द तबरी नोंदवितात. दोघांची प्रेते अशी सापडली की, एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांपाशी होते. बद्रच्या दिवशी बोललेल्या शब्दाचे ऋण त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या दिवशी फिटले. जन्मदात्या बापाच्या प्रेताला जो हात लावू शकला नाही, तो मानलेल्या मुलाच्या सोबतीने पडला. ग्रंथकारांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवलेली नाहीत; ती वेगवेगळ्या वृत्तान्तांत आहेत. परंतु वाचकाच्या मनात ती शेजारी येतात.

दुभंग मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. हबसाणात जन्मलेला त्यांचा मुलगा महंमद खलिफा उस्मान यांच्या आश्रयाखाली वाढला आणि पुढे मिसरमध्ये त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. त्यानंतरच्या यादवीत त्याचा विरोधक होता मुआविया, म्हणजे हिंदचा मुलगा, त्याचा आतेभाऊ. उत्बाची नातवंडे पुन्हा दोन फळ्यांत उभी राहिली. आता दोन्ही फळ्या मुसलमानांच्या होत्या.

ह्या साऱ्या विवेचनाचा टीकाशास्त्राच्या दृष्टीने निष्कर्ष काय? अशा पुरुषांची चरित्रे आमच्या भाषेत लिहिली जातात तेव्हा दोन मोह होतात. भाविक लेखक अब्बासांविषयीचा तो शब्द झाकतो आणि पालटलेली मुद्रा घाईने ओलांडतो. अश्रद्ध लेखक नेमका उलट वागतो. तो मुद्रा तेवढी उचलतो आणि उत्तर बनावट ठरवितो. दोघांनाही माणूस एकसंध हवा असतो. जुन्या अरबी कथनकारांना हा हव्यास नव्हता. ते स्वतः निःसंशय श्रद्धाळू होते, आणि तरीही शत्रूचा शहाणपणा, मित्राचा बोचरा प्रश्न, बहिणीचे शिव्याशाप आणि मुलाची खिन्न मुद्रा ही सर्व त्यांनी आपल्या ग्रंथात राहू दिली. आपला पक्ष निश्चित असणाऱ्यालाच दुसऱ्या पक्षाचा चांगुलपणा निर्भयपणे नोंदविता येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

माणसाने एक निष्ठा निवडली म्हणजे दुसरी मरत नाही. ती बोलेनाशी होते, इतकेच. ती बोलेनाशी झालेली निष्ठा ज्याला मुद्रेवर दिसते तो खरा चरित्रकार. मराठीत पैगंबरांच्या सहकाऱ्यांची चरित्रे आणखी लिहिली जातील तेव्हा लेखकांनी अबू हुजैफा यांच्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत, आणि विहिरीपाशीच्या प्रसंगात त्यांच्या मुद्रेवरचा रंग जसा पालटला तसाच पालटलेला राहू द्यावा, अशी आमची विनंती आहे.